उत्तर ओळखणे ते उत्तर सांगणे: एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची माझी पूर्वतयारी

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत १८० प्रश्न असतात. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय असतात, बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकलेल्या उत्तराचा एक गुण कापला जातो. बारावीपर्यंतची दोन वर्षे आणि बऱ्याच जणांची त्यापुढची एक-दोन वर्षे याच अभ्यासात जातात, त्यामुळे प्रश्न वाचताच डोळे आपोआप पर्यायांकडे वळतात आणि उत्तर मांडण्याऐवजी ते ओळखण्याची सवय अंगवळणी पडते. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात या सवयीचा उपयोग फारच थोडा होतो. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र या तिन्ही विषयांना शंभर-शंभर गुणांच्या दोन लेखी पत्रिका आणि शंभर गुणांची प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षा असते. लेखी परीक्षेत पानेच्या पाने लिहायची असतात, आकृत्या काढायच्या असतात, आणि तोंडी परीक्षेत हातात हाड घेऊन किंवा सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी पाहून समोरच्या परीक्षकाला स्वतःच्या शब्दांत सांगायचे असते. प्रवेश निश्चित झाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतचा काळ मी ओळखता येणे आणि सांगता येणे यांतले हे अंतर कापण्यासाठी वापरला. आमच्या भागातून यापुढे जे विद्यार्थी वैद्यकीयला जातील त्यांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून तो अनुभव लिहून ठेवते आहे.

माझे गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आहे. दहावीपर्यंत मी मराठी शाळेत शिकले, पीयूसी विज्ञान, म्हणजे अकरावी-बारावी, बेळगावात इंग्रजी माध्यमातून केले, आणि कन्नड भाषा शाळेत एक विषय म्हणून होती. सीमाभागातल्या पुष्कळ मराठी मुलांची वाट हीच असते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही निघते, परंतु ती महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. बेळगावच्या केंद्रावर बसणाऱ्याला ती मागता येत नाही, म्हणून आम्ही इंग्रजीतूनच परीक्षा देतो. परिणामी आमचे इंग्रजी वाचण्यापुरते पक्के होते, कन्नड परीक्षेत गुण मिळवण्यापुरती येते, आणि विचार मराठीतच चालतो. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला मात्र या तिन्ही भाषांत बोलता यावे लागते. परीक्षकाला इंग्रजीत सांगायचे, रुग्णाशी बहुधा कन्नडमध्ये बोलायचे, आणि आपल्याला विषय खरोखर कळला आहे की नाही हे घरच्या माणसाला मराठीत समजावून पडताळायचे, अशी ही तिहेरी तयारी आहे. ती शिकवणी वर्गात कोणी करून घेत नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात लिहिते, कारण ते काम वेळेवर सुरू केले तर फारसे अवघड नाही आणि उशिरा सुरू केले तर अभ्यासाचे सगळे दिवस खाऊन टाकते. राज्याच्या जागांसाठी कर्नाटकात किमान सात शैक्षणिक वर्षे शिकल्याचा दाखला लागतो आणि त्यावर क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागते. पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकलेल्यांसाठी जो कोटा आहे त्याचाही दाखला त्याच पद्धतीने घ्यायचा असतो. जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, काढून त्यावरचा आरडी क्रमांक अर्जात भरावा लागतो. आमच्या भागातली खरी अडचण नावाची असते: मराठी शाळेच्या रजिस्टरात एक, कन्नडमधल्या दाखल्यावर दुसरे आणि इंग्रजी गुणपत्रिकेवर तिसरे, असे एकाच आडनावाचे तीन अवतार सापडतात. म्हणून निकालाची वाट न पाहता सगळे कागद एकदा शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून पाहावे. हे काम माझ्या वडिलांनी आधीच करून ठेवले होते, त्यामुळे बेळगावच्या बिम्समध्ये, म्हणजे इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, जागा मिळाल्यावर मला फक्त अभ्यासाकडे पाहायचे होते.

माझ्या एक वर्ष पुढे असलेली निपाणीकडची एक ताई मला या काळात भेटली. कोणती पुस्तके आधी वाचू, असे मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "पुस्तकं आत्ता फोडूच नकोस. नुसतं पाठ केलेलं महिन्यात उडून जातंय. बोलायची आणि लिहायची सवय लाव, तेवढं पुरे." तिच्या या सल्ल्याशी आज मी पूर्ण सहमत आहे. शरीररचनाशास्त्रातली नावे समोर देह नसताना पाठ केली तर ती एकमेकांत मिसळतात, कारण स्नायूच्या नावामागे त्याची जागा, त्याचा जाडपणा, त्याच्या खालून जाणारी नस हे काहीच डोळ्यांपुढे नसते. माझ्याबरोबरच्या काही जणांनी वर्ग सुरू होण्यापूर्वीच हाताचा सगळा भाग व्हिडिओ पाहून संपवला होता. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे, पण विच्छेदन सुरू झाल्यावर त्यांनाही तो भाग पहिल्यापासूनच वाचावा लागला.

मी सुरुवात लिहिण्यापासून केली. पीयूसीच्या जीवशास्त्रातले हृदय, मूत्रपिंड, चेतापेशी हे विषय मला पर्यायी प्रश्नांपुरते पक्के ठाऊक होते. पुस्तक मिटून, कोरा कागद समोर घेऊन, मूत्रपिंडातील नेफ्रॉनमध्ये मूत्र कसे तयार होते यावर इंग्रजीत पूर्ण वाक्यांत दोन पाने लिहायची, शेजारी आकृती काढून तिला नावे द्यायची, असा नेम मी धरला. पहिल्या काही वेळा वाक्ये पुढेच सरकत नव्हती. माहिती सुट्या तुकड्यांत होती आणि एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायला लागणारे 'म्हणून', 'त्यामुळे', 'याउलट' हे दुवे इंग्रजीत सुचत नव्हते. मग मी तोच मजकूर आधी मराठीत मनाशी सांगू लागले आणि त्यानंतर इंग्रजीत लिहू लागले. दुवा मराठीत सापडला की इंग्रजी वाक्य लिहायला फार वेळ लागत नाही. वर्षभर मी उत्तरे अशीच लिहिली, आणि विद्यापीठाच्या परीक्षेत तीन तास सलग लिहिण्याची ताकद हाताला याच सवयीने आली.

मराठीत सांगण्याचा अभ्यास घरातच झाला आणि त्यात आईचा वाटा मोठा आहे. तिला रक्तदाबाची गोळी सुरू आहे. एका संध्याकाळी शेंगा फोडता फोडता तिने विचारले, "बीपीचे आकडे दोन कशाला असतात गं? एकच का सांगत नाहीत?" प्रश्न साधा होता. १२० आणि ८० हे आकडे मला पाठ होते, वरच्याला आणि खालच्याला काय म्हणतात तेही पाठ होते, पण तिला पटेल असे सांगायचे तर त्यामागचे कारण नीट मांडावे लागणार होते. मी ते वाचून काढले आणि दुसऱ्या दिवशी तिला सांगितले. हृदयाचा खालचा डावा कप्पा आवळला जातो तेव्हा रक्त जोराने महाधमनीत शिरते, तिची भिंत ताणली जाते आणि दाब सर्वांत वर जातो. तो वरचा आकडा. नंतर कप्पा सैल पडतो, तोंडावरची झडप मिटते, आणि आधी ताणलेली ती भिंत पूर्ववत होताना आतले रक्त पुढे ढकलत राहते, म्हणून दाब शून्यापर्यंत न उतरता मध्येच थांबतो. तो खालचा आकडा. आईने लगेच पुढचा प्रश्न विचारला: मग म्हातारपणी वरचाच आकडा जास्त का वाढतो? याचे उत्तर आधीच्या उत्तरातच होते. वयानुसार धमन्यांची भिंत कडक होत जाते, ती पूर्वीसारखी ताणली जात नाही, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा जोर सरळ दाबात उमटतो. शरीरक्रियाशास्त्र हा विषय मला त्या संध्याकाळी प्रथमच आवडला. पुढे वर्षभर प्रत्येक अवघड प्रकरण मी रविवारी घरी गेले की आईला सांगत असे, आणि तिच्या प्रश्नांनी ज्या जागी मी अडत असे तेवढाच भाग पुन्हा वाचत असे.

इंग्रजी बोलण्याची तयारी याहून जड गेली, कारण त्यासाठी गावात ऐकणारे कोणी नव्हते. वर्गात शिक्षकांनी विचारलेला प्रश्न समजतो, उत्तरही माहीत असते, पण तोंड उघडेपर्यंत शहरातल्या शाळेतला दुसरा कोणी उत्तर देऊन मोकळा होतो, हा अनुभव पीयूसीत आम्ही सर्वांनी घेतलेला आहे. त्यावर मी एकच उपाय केला: जे लिहिले ते मोठ्याने वाचायचे, आणि नंतर कागद उलटा ठेवून तेच मोबाइलवर रेकॉर्ड करायचे. रेकॉर्डिंग ऐकताना शब्दांचे उच्चार सुधारता येतात, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपण कुठे थांबतो ते कळते. सांगताना जिथे थांबलो तिथे बहुतेक वेळा इंग्रजीची अडचण नसते, विषयच कच्चा असतो. हे एकदा लक्षात आले की भाषेविषयीची भीती निम्मी उतरते. व्याकरण निर्दोष नसले तरी परीक्षक ऐकून घेतात. उत्तराचा क्रम सुटला तर मात्र ऐकून घेत नाहीत.

कन्नडची तयारी करून दिली ती माझ्या आत्याने. ती शेजारच्या गावात आशा कार्यकर्ती आहे. आमच्या तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला मराठी अधिक ऐकू येते आणि बिडी-इटगीच्या बाजूला कन्नड, पण सरकारी आरोग्य खात्याची सगळी नोंद कन्नडमध्येच होते: गरोदर बायांचे तायी कार्ड, लसीकरणाची वही, प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यायचा अहवाल. आत्याने मला बरोबर घेतले आणि वह्या भरायला बसवले. शाळेत कन्नडचा धडा वाचणे वेगळे आणि कोणाच्या तरी हिमोग्लोबिनचा आकडा, वजन, शेवटच्या पाळीची तारीख कन्नडमध्ये विचारून लिहिणे वेगळे. ती म्हणाली, "तू गं पुस्तकातली कन्नड बोलतीस. पेशंट तसं बोलणार न्हाई. त्या बाया कसं बोलतात ते आधी ऐक, मग तू बोल." मी कित्येक दिवस केवळ ऐकत राहिले. "एल्लि नोवु?" म्हणजे कुठे दुखते, "एष्टु दिनदिंद?" म्हणजे किती दिवसांपासून, "उसिरु तगोळ्री" म्हणजे श्वास घ्या, "बायि तेगीरि" म्हणजे तोंड उघडा, अशी रोजची वाक्ये मी त्या फेऱ्यांत उचलली, आणि वयस्कर माणसाशी बोलताना क्रियापदाच्या शेवटी तो आदराचा 'री' विसरायचा नाही हेही तिथेच शिकले.

आत्याबरोबर फिरताना आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एकाच गल्लीत एक घर मराठी आणि पुढचे कन्नड असते, आणि सासू-सुनेच्या माहेरच्या भाषाही वेगळ्या असू शकतात. आत्या उंबऱ्यावर पाऊल ठेवतानाच भाषा बदलत असे, तेही कोणाला परके न वाटू देता. सीमाभागात भाषेवरून जे वाद झाले त्यांत आमच्या घरातल्या मागच्या पिढीने पुष्कळ सोसलेले आहे आणि मराठीविषयीची माझी ओढ तसूभरही कमी नाही. पण दुखणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत बोलता आले पाहिजे याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही. इथल्या डॉक्टरला दोन्ही भाषा आल्याच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

विषयाची पुस्तके फोडू नकोस म्हणणाऱ्या ताईने एक अपवाद केला होता. तिच्या हाडांच्या संचातले क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याखालचे आडवे हाड, तिने मला दाखवायला काढले आणि म्हणाली, "आधी धर. मग बोल." हाड हलके होते, वीतभरही लांब नव्हते, आणि दोन ठिकाणी उलटसुलट वळलेले होते. ते डाव्या बाजूचे की उजव्या, हे मला सांगायचे होते. तिने हात धरून एकेक खूण दाखवली. एक टोक जाड आणि चौकोनी असते, ते छातीच्या मधल्या हाडाकडे ठेवायचे. दुसरे टोक चपटे असते, ते खांद्याकडे. वरची बाजू तुलनेने गुळगुळीत असते. खालच्या बाजूला बोटाने चाचपले तर लांबट खोबण लागते, ती खाली ठेवायची. मग आतल्या दोन-तृतीयांश भागाचा फुगवटा पुढे यायला हवा. या तिन्ही खुणा एकाच वेळी जुळतील अशी हाडाची एकच बाजू असते. मी ते माझ्या स्वतःच्या गळ्याखाली धरून पाहिले, आणि त्वचेखालून हाताला लागणारे माझे हाड आणि हातातले हाड एकाच दिशेने वळलेले दिसले तेव्हा उत्तर मला कोणी सांगावे लागले नाही.

त्या एका हाडावर ताईने मला तासभर बोलायला लावले. शरीरातल्या लांब हाडांपैकी आडवे असलेले हे एकच, गर्भात सर्वांत आधी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, अस्थी बनू लागणारे हेच, आणि हातावर पडले की मोडणाऱ्यांतही हे पुढे. ते बहुधा नेमके दोन वळणे जिथे मिळतात तिथेच मोडते, कारण हातावर आलेला भार खांद्यातून धडाकडे जाताना त्याच जागी सर्वाधिक ताण पडतो. आमच्या गावात फणसाच्या झाडावरून किंवा मोटारसायकलवरून पडलेला माणूस एका हाताने दुसऱ्या हाताचे कोपर उचलून धरून येतो, ते दृश्य मी लहानपणापासून पाहिले होते. तो असा का येतो हे त्या दिवशी कळले. हाताचा भार खांद्यापर्यंत पेलून धरणारा आधारच तुटलेला असतो, म्हणून दुसऱ्या हाताने तो पेलावा लागतो. हाड, आकृती, कारण आणि माणूस या चारही गोष्टी एकत्र आल्या की सांगता येते. पुढे विद्यापीठाच्या परीक्षेपर्यंत प्रत्येक हाड मी असेच शिकले: आधी हातात घ्यायचे, स्वतःच्या अंगावर जुळवायचे, मग मोठ्याने बोलायचे. ज्यांना संच विकत घेणे परवडत नाही त्यांनी सीनियरांकडून वापरलेला संच घ्यावा. तो सहसा वर्षानुवर्षे एका वर्गाकडून पुढच्या वर्गाकडे जात असतो.

विच्छेदनगृहाची मनाची तयारी हा स्वतंत्र विषय आहे आणि घरी त्याविषयी कोणी उघड बोलत नाही. आजी तर मी रात्री घरी आल्यावर आधी अंघोळ करावी एवढेच सांगून गप्प बसली. मला या बाबतीत धीर मिळाला तो बेळगाव जिल्ह्यातल्याच एका घटनेमुळे. बैलहोंगलच्या डॉ. बसवण्णेप्पा रामण्णवर यांनी मृत्यूनंतर देहदान केले होते, आणि बेळगावच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे त्यांचे पुत्र डॉ. महांतेश रामण्णवर यांनी २०१० मध्ये विद्यार्थ्यांसमोर स्वतः वडिलांच्या देहाचे विच्छेदन केले. वडिलांचीच तशी इच्छा होती. ही गोष्ट आमच्या भागात पुष्कळांना ऐकून माहीत आहे. मुलाने वडिलांचा देह विद्यार्थ्यांसाठी उघडला, त्या देहासमोर आपण उभे राहताना भीतीपेक्षा काही वेगळे मनात असायला हवे, असे मला वाटले आणि मी देहदानाविषयी मिळेल ते वाचले. कर्नाटकात यासाठी १९५७ चा कायदा आहे. ज्या मृतदेहांवर कोणी हक्क सांगत नाही तेही या कायद्यानुसार शिक्षणासाठी महाविद्यालयांकडे येतात. म्हणजे टेबलावरच्या काही माणसांनी तो देह विचारपूर्वक दिलेला असतो आणि काहींचे मागे कोणीच नसते. दोघांचेही ऋण सारखेच आहे असे मी मानते.

प्रत्यक्षात पहिल्या दिवशी आम्ही सर्वांनी देहासमोर उभे राहून शपथ घेतली आणि मगच काम सुरू झाले. अभ्यासक्रमाच्या वर्तन, नीती आणि संवाद या भागात मृतदेह हा आपला पहिला शिक्षक, अशा आशयाचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. फॉर्मालिनने डोळे चुरचुरतात, नाकाला वास बसतो आणि तो काही दिवस जेवतानाही जाणवतो. रिकाम्या पोटी जाऊ नये, सकाळी पोटभर खाऊन जावे, डोळ्यांत काँटॅक्ट लेन्स असतील तर त्या काढून चष्मा लावावा, आणि भोवळ येते असे वाटले तर संकोच न करता बाहेर जाऊन बसावे. दुसऱ्या आठवड्यापर्यंत बहुतेकांचे लक्ष वासावरून उठून कामाकडे जाते. मोठ्याने सांगण्याची सवय इथेही कामी आली, कारण आमच्या टेबलावर एक जण चिमट्याने नस उचलून धरी आणि दुसऱ्याने ती कुठून आली, कुठे जाते, तुटली तर हाताचे काय होईल ते सांगायचे, असा परिपाठ आम्ही ठेवला होता.

इतर तयारी लहानसहान होती. ऊतींच्या आकृत्या रंगवण्यासाठी गुलाबी आणि निळी-जांभळी अशा दोन पेन्सिली लागतात, कारण काचपट्टीवर हिमॅटॉक्सिलिनने पेशीकेंद्र निळसर-जांभळे आणि इओसिनने बाकीचा भाग गुलाबी रंगलेला असतो. ज्यांची चित्रकला शाळेत सुटली त्यांनी सुट्टीत रोज थोडे वर्तुळ-रेघांचे काम करावे. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात रक्तपेशी मोजण्यासाठी स्वतःच्याच बोटाला सुई टोचायची असते. त्याची तयारी करता येत नाही आणि गरजही पडत नाही.

२०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात सुरुवातीलाच पायाभूत अभ्यासक्रम ठेवलेला आहे. मूळ आराखड्यात त्याला १७५ तास दिले होते आणि त्यांतले ४० तास भाषा आणि संगणक यांसाठी होते. नंतर त्याचा एकूण कालावधी कमी करण्यात आला. बाहेरच्या राज्यांतून आलेल्या मुलांना या काळात कन्नडची अक्षरओळख करून देतात. मला अक्षरे येत होती, वाक्येही आत्याने दिली होती, त्यामुळे त्या तासांत मी राजस्थान आणि केरळकडून आलेल्या मैत्रिणींना शिकवू लागले आणि त्या मला इंग्रजीत बोलते करू लागल्या. सुट्टीत रेकॉर्डरसमोर एकटीने केलेला सराव आता माणसांसमोर होऊ लागला. पायाभूत अभ्यासक्रम हजेरीपुरता आहे असे समजून बरेच जण तो हसण्यावारी नेतात. माझ्या मते वर्षभरात पुन्हा कधी इतका मोकळा वेळ मिळत नाही, आणि ज्यांना बोलण्याचा संकोच आहे त्यांनी तो याच दिवसांत मोडून काढावा. एकदा विषय सुरू झाले की सिद्धांताच्या तासांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी सक्तीची असते, आणि दिवस कसा संपतो ते कळत नाही.

पहिल्याच वर्षात कुटुंब दत्तक कार्यक्रमासाठी आम्हाला एका गावात नेले. प्रत्येक विद्यार्थ्याला काही कुटुंबे नेमून दिलेली असतात आणि पुढची वर्षे त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवायची असते. मला मिळालेल्या एका घरात आजोबा कन्नड बोलणारे आणि नातसून कोल्हापूरकडून आलेली मराठी मुलगी होती. आजोबांचा रक्तदाब मी मोजला, वरचा आकडा बराच जास्त आला, आणि त्यांनी कन्नडमध्ये नेमके आईचेच कुतूहल दाखवले: एक आकडा ठीक म्हणतेस आणि दुसरा जास्त म्हणतेस, हे कसे? आईला मराठीत समजावलेले उत्तर मी तोडक्यामोडक्या पण समजेल अशा कन्नडमध्ये दिले, नातसुनेला तेच मराठीत सांगितले, आणि बरोबरच्या शिक्षिकेला इंग्रजीत नोंद वाचून दाखवली. शिक्षिकेने त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीसाठी पाठवले.

पहिल्या वर्षाची परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी जास्तीत जास्त चार संधी मिळतात, आणि या नियमाची भीती मुलांच्या मनात पहिल्या दिवसापासून असते. ती भीती मराठी शाळेतून आलेल्यांना जरा जास्तच ग्रासते, कारण आपण मागे आहोत असे त्यांना इतरांकडे पाहून वाटत राहते. त्यांना मी एवढेच सांगेन की मराठी शाळेत विज्ञान स्वतःच्या भाषेत शिकलेल्या मुलाला कारणे चांगली कळतात. ती कारणे इंग्रजीत उतरवायला सुट्टीचे हे दोन-तीन महिने पुरतात, मात्र रोज लिहिले आणि रोज बोलले तरच. एप्रन दोन घ्यावेत, विच्छेदनाचा संच आणि पुस्तके वर्ग सुरू झाल्यावर शिक्षकांना विचारूनच घ्यावीत, आणि कन्नडसाठी गावातल्या आशा कार्यकर्तीकडे किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडे जावे. त्यांच्याइतके चांगले कोणी शिकवत नाही आणि त्या नाही म्हणत नाहीत.

आता माझे दुसरे वर्ष सुरू आहे. विकृतिशास्त्र, औषधशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे नवे विषय आले आहेत, सकाळी वॉर्डात जाऊन रुग्णाची हकिकत घ्यायची असते, आणि आत्या दर सुट्टीत मला प्रसूती विभागात उपयोगी पडेल अशी कन्नड शिकवते आहे.